ठोके आवरणारी गोळी

क्न्याझेवात्स, ३ फेब्रुवारी

ल्युबा भाऊजींना नमस्कार.

पत्र पोचलं. आम्ही ठीक आहोत. बर्फ गुडघाभर आहे, यंदा लोणच्याचा कोबी चांगला आंबलाय, मांजरीला पिल्लं झाली. एवढी खुशाली पुरे.

तुमचीही छाती उघडायची ठरली, हे वाचून वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, आधी हसूच आलं. "वहिनी, ऑपरेशननंतर दादाचे ठोके का बिघडले? मी काय सांभाळू?" म्हणे! अहो, वर्षभरात एकदा दारात आला असतात, तर तोंडानंच सांगितलं असतं.

आता ऐका. ठोके आवरणारी गोळी एकदम सोडायची नाही. ऑपरेशनच्या सकाळीही घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी नाही ना, ते बघायला सांगा. किती पिता ते खरं सांगा, निम्मं करून नको. नंतर छातीत फडफडलं, तर मर्दपणा न दाखवता नर्सला हाक मारा. सगळं पाळूनही कुणाकुणाचे ठोके बिघडतात, असंही डॉक्टर म्हणाले. हे मी लिहिणारच नव्हते. तेवढंच धरून तुम्ही दोषातून सुटाल.

आपल्या कुळाच्या संताचा सण आठवतो ना? ह्यांचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. तुमच्या टेबलावर मी ह्यांच्यापुढे गोळी धरली, तर तुम्ही म्हणालात, "गोळी आणि राकिया एकत्र चालत नाही, वहिनी! संताचा मान राखू दे की त्याला. गोळी काय पळून जातेय?" सगळे हसले. हे तर धाकट्या भावाच्या शब्दाबाहेर कधी नव्हतेच. सण संपेपर्यंत दारूचा ग्लास भरत राहिला, गोळ्या डबीतच राहिल्या. तिथून सरळ दवाखान्यात.

ऑपरेशन छान झालं हो. मग ठोके उधळले, रक्ताची गुठळी झाली, ती मेंदूत गेली. उजवा हात लुळा पडला.

"दादा आता बोलत नाही," असं गावभर सांगता म्हणे. बोलतात. एकच शब्द बोलतात: ल्युबा. पाणी हवं तरी ल्युबा, मला हाक मारायची तरी ल्युबा. जन्मभर मी ह्यांचं केलं, तर माझं नाव गेलं आणि तुमचं राहिलं!

म्हणून गोळी चुकवू नका. माझ्या मनात तुमच्यासाठी माया उरलीय, असं समजू नका. तुमचं काही बरंवाईट झालं, तर ते ह्यांना मलाच सांगावं लागेल. आणि मग या घरात दिवसभर मेलेल्या माणसाला मारलेल्या हाका ऐकत बसायचं. ते माझ्याच्यानं होणार नाही.

जगा.

देसांका