खोली चारचा आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार

पैठणहून सकाळच्या एसटीनं निघाले आणि दहाच्या आत पोचलेसुद्धा. दौलताबाद रस्त्यावरचा हा वृद्धाश्रम मला वाटला होता त्यापेक्षा कितीतरी छान आहे. सहा खोल्या, मधे अंगण, अंगणात सीताफळाचं झाड, गच्चीवरून किल्ला दिसतो. इथलं सगळं बघणाऱ्या द्वारकाताईंनी पोहे आणि काम दोन्ही एकदमच पुढं ठेवलं. खोलीतून हाक मारली तर ऑफिसात ऐकू येत नाही, आणि मोबाइल लावणं कुणाला जमत नाही. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, म्हणून देखभालीच्या जोडीला हाकेची सोयही मीच करायची. पहिली नोकरी! आईला दोनदा फोन केला.

६ नोव्हेंबर

जमलं. पत्त्यांच्या डबीएवढा एक छोटा संगणक, त्याच्या मेमरी कार्डात बोलण्याचा सर्व्हर, शेजारी वायफायचा डबा. लोकांनी दिलेले जुने फोन लेस बांधून प्रत्येक पलंगाला अडकवले. पडद्यावर एकच मोठं बटण. ते दाबून बोललं की सगळ्या खोल्यांत आणि माझ्या ऑफिसात ऐकू येतं. इंटरनेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. माझ्या पडद्यावर खोल्यांची यादी दिसते. जो बोलेल त्याचं नाव हिरवं होतं.

पहिले बोलले खोली चारचे बन्सीआबा. एसटीत कंडक्टर होते. लकव्यानंतर कमरेखाली हालचाल नाही. बटण दाबून त्यांनी पाचोडच्या गाडीचा पुकारा केला, तशा खोली दोनमधल्या भागूमावशी मोठ्यानं हसल्या. मावशींना दिसत नाही. त्यांना हसताना वर्षात पहिल्यांदा ऐकलं, असं ताई म्हणाल्या.

१३ नोव्हेंबर

आबा आणि मावशी दिवसभर बोलत असतात. मावशींना डोळा लागला की आबा मला हाका मारतात. आज चाळीसेक वेळा. जेवलीस का, ऊन किती आहे, आज वार कोणता. काम काहीच नसतं. धावत जाऊन जाऊन मी दमते. आज जरा तोडूनच बोलले. नंतर वाईट वाटलं.

१८ नोव्हेंबर

मावशींना दोन दिवस ताप होता, दुपारी कुठं झोप लागली. आबांच्या हाका चालूच. मावशी जाग्या होतील म्हणून मी यादीत खोली चारचा आवाज बंद केला. नावापुढं लाल खूण आली. अर्ध्या तासासाठीच, असं ठरवलं होतं.

मग औषधवाला आला. मग धुतलेल्या चादरी आल्या. पावणेचारला चहा घेऊन गेले तर आबा गेलेले होते. फोन हातात. अंगठा बटणावर.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ताईंनी मला जवळ घेतलं. खूप केलंस त्यांचं, म्हणाल्या.

मी कुणाला काही सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर

आबांचा फोन बंद करून कपाटात ठेवला, कुलूप लावलं. यादीत खोली चार अजून दिसत होती. जुनी नोंद अडकली असेल म्हणून काढून टाकली. जेवून आले तर परत होती. लाल खुणेसकट.

२४ नोव्हेंबर

कार्ड कोरं केलं. सगळं पहिल्यापासून बसवलं. पाचच खोल्यांची नावं घातली. यादीत सहा आली.

अकराच्या सुमाराला खोली चार हिरवी झाली. आवाज बंद, त्यामुळं ऐकू काहीच नाही. विझली. पेटली. थांबून थांबून, माणूस उत्तराची वाट बघतो तशी. तासभर.

२६ नोव्हेंबर

मावशींनी बोलावलं. फोन उशाशी घेऊन पडल्या होत्या. म्हणाल्या, बन्सी बोलतोय पण त्याचं तोंड कुणीतरी दाबलंय.

मग मी सांगितलं. त्यांचा हात धरून, सगळं. त्यांनी हात सोडवून घेतला. भिंतीकडं तोंड करून कितीतरी वेळ रडल्या.

मी उठले तेव्हा म्हणाल्या, "उघड बये आता. मानसाला बोलू तर दे."

२७ नोव्हेंबर

नाही जमलं. बोट नेलं, मागं घेतलं.

आता नाव विझतच नाही —

२८ नोव्हेंबर, दुपारी दोन

ताई बँकेत गेल्यात. लाल खूण काढली.

आधी नुसता श्वास. मग आबाच. "रूपा... जेवलीस का गं?"

मी हो म्हणाले. रडू आवरेना —

सांगितलं. आबा, तुमचा आवाज मीच बंद केला होता. त्या दुपारी. चुकले मी.

नाव हिरवंच —

मग अगदी हळू म्हणाले, "मी लई हाका मारल्या. कुणी येईना. मला वाटलं, मी मेलो म्हनून कुणाला ऐकू जाईना."

मी फोन कानाशी नेला.

"म्हंजी तवा मी जित्ता होतो व्हय?"

मी बटण दाबलंय —

परत विचारतायत. पण आता फोनमधून नाही, अंगणातून —

हो आबा. होतात. तुम्ही तेव्हा —