माझ्याशिवाय पट्टा हलत नाही

३ मार्च
संकल्प: या महिन्यात घरी. काहीही होवो. हिचे दिवस भरत आलेत. फोनवर म्हणाली, पहिल्या वेळी तुम्ही आलात तेव्हा पोरगा महिन्याचा झाला होता आणि तुम्हाला बघून रडला. या वेळी बाळंतपणाला दारात दिसला नाहीत, तर नंतर येऊच नका. मी म्हटलं, शब्द दिला.
साहेबांना अजून विचारलेलं नाही. माझ्याशिवाय दगड वाहून नेणारा मोठा पट्टा कसा चालणार, हा धक्का त्यांना हळूहळू द्यायला हवा.

६ मार्च
साहेबांचा मूड नव्हता. रजेचं नंतर.
माझ्याच खोलीत राहणाऱ्या वेल्डरला झापलं. त्याच्या कुलपाची किल्ली चहाच्या टेबलावर. आमच्याकडे यंत्रात हात घालण्याआधी ज्याने त्याने मेन स्विचला आपापलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. शेवटचं कुलूप निघेपर्यंत पट्टा बंद. दुसऱ्याचं कुलूप काढायचं नाही. म्हटलं, किल्ली म्हणजे माणसाचा जीव. जीव असा बिस्किटांशेजारी ठेवतात का? तो म्हणाला, चुकलं दादा. तरी मी आणखी पंधरा मिनिटं सांगितलं.

१० मार्च
रजा मागितली. साहेब मान वर न करता म्हणाले, जा. बदली कोण, एवढंही विचारलं नाही. माणूस आतून हादरला असणार.

१२ मार्च, सकाळ
हिचा फोन. कळा सुरू झाल्यासारखं वाटतंय. दुपारची बस धरली तर पहाटे पोचतो. पण पट्ट्याचा एक रोलर खरखरतोय. वेल्डर म्हणाला, आम्ही बघतो, तुम्ही निघा. मुलगा चांगला, पण हात कच्चा. मीच बदलून जातो. अर्ध्या तासाचं काम.

१२ मार्च, संध्याकाळ, बसमध्ये
रोलर बदलला, पण अर्ध्या तासाच्या कामाला दुपार झाली. बस धावत पकडली, अंगावर तेलकट कपडे तसेच. हिला दवाखान्यात नेलंय, सासूबाई सोबत. पहाटे मी दारात.
साइटवरून फोनवर फोन. माझी पाठ वळली नाही तोच बोंब सुरू. उचलत नाही. सवय व्हायला हवी त्यांना.

थोड्या वेळाने
रुमालासाठी खिशात हात घातला. किल्ली.
म्हणजे माझं कुलूप स्विचलाच. म्हणजे पट्टा उभा. फोन करून सांगावं? वेल्डरला कळेल, किल्लीवरून मी ज्याला झापलं त्यालाच. आणि फोनवर कुलूप उघडत नाही. नियम म्हणजे नियम. पुढच्या थांब्यावर उतरायचं, मिळेल त्या गाडीने परत, गुपचूप कुलूप काढायचं, की लगेच घरी. पहिल्या वेळी हिला दोन दिवस लागले होते. वेळ आहे.
फोन बंद केला. डोकं शांत हवं.

१३ मार्च, सकाळ
गेटवर पोचलो. पट्टा चालू.
कुलूप कापलंय. साहेब म्हणाले, कापायला मिनिट लागतं. पण कुलूपवाला आत अडकलेला नाही, याची आधी खात्री करावी लागते. म्हणून फोन. ‘बसमध्ये आहे’ एवढं बोलला असतास तरी भागलं असतं. मी उचलला नाही, मग फोनच बंद लागला. तेव्हा सगळे टॉर्च घेऊन पट्ट्याखाली मला शोधायला उतरले. वेल्डर रडत होता म्हणे. शेवटी त्यांनी हिच्या नंबरवर फोन लावला. हिला विचारलं, ते तुमच्याकडे पोचलेत का?
कळा चालू असताना.
नंतर गेटवाल्याला आठवलं, मला बसमागे धावताना त्याने पाहिलं होतं. मग वेल्डरनेच हिला पुन्हा फोन केला. वहिनी, घाबरू नका, दादा बसमध्ये आहेत, पहाटे पोचतील.
फोन चालू केला. सासूबाई म्हणाल्या, पहाटे मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मग हिने फोन घेतला. चिडलेली नव्हती. विचारलं, बस कुठवर आली?
मी म्हटलं, साइटवर आहे.
तिने फोन सासूबाईंकडे दिला. मागे बाळ रडत होतं. मी ऐकत राहिलो. मग फोन सासूबाईंनी ठेवला.
पुढची बस दुपारी. वेल्डर वाटेसाठी डबा भरून देतोय.
बाहेर पट्टा चालू आहे. मी बदललेला रोलर तसाच खरखरतोय.