खटक्यावरच्या माणसाचं नाव

सोम. ८ नोव्हें. ४३, कुंभिवली
पुठ्ठ्याच्या गिरणीत नव्या लागलेल्या बारा बायका आठवड्यात तयार करा, असं मॅनेजरसाहेबांचं (पुढे म.सा.) फर्मान. शिकवायचं मी, परीक्षा मी घ्यायची, अहवालही माझाच. शाळा सोडून गिरणीत आलो तरी पाठाचं टाचण काही सुटत नाही. भातझोडणीचे दिवस, चौघी आल्याच नाहीत.

लाटांची, म्हणजे ओला पुठ्ठा दाबणाऱ्या रुळांची, यंत्रं दोन. बायका लाटांशी, आणि बंद करायचा खटका भिंतीपलीकडे. नुसतं 'बंद करा' ओरडलं की भलतंच यंत्र थांबतं. मी तोड काढली: खटक्यावरच्या माणसाचं नाव घेऊन ओरडायचं. एक नंबरवर गोविंदा, दोनवर दामू. म.सा. म्हणाले, "डोकं आहे तुम्हाला." दिवसभर शेफारलेला होतो.

गुरु. ११
आज बाराही जणी हजर. ओला पुठ्ठा कसा धरायचा, पदर कुठं खोचायचा. कुंभिवलीचीच सगुणा सगळ्यांत चलाख. एकदा दाखवलं की हातात बसतं. बाकीच्यांना "कळलं का?" विचारलं की "व्हय मास्तर". न कळलेलीसुद्धा तेच म्हणत असणार. शाळेत पोरांच्या तोंडावर तरी दिसायचं. इथं कसं ओळखू?

शनि. १३
परीक्षा. गोविंदा झोडणीला घरी, म्हणून खटक्यावर मीच. एकेकीनं लाटांपाशी उभं राहून ओरडायचं, मी खटका ओढायचा. "मास्तर, बंद करा!" खणखणीत. बाराही पास, सगुणा पहिली. अहवालात लिहिलं, वर्ग पूर्ण यशस्वी.

तरी चैन नाही. जेवण झाल्यावर रस्त्यानं उगाच दोन फेऱ्या मारल्या. काहीतरी राहिलंय.

बुध. १७
ठाकरवाडीच्या भागीचा हात एक नंबरच्या लाटेत. समोर सगुणा होती. ओरडली, पण थांबलं दोन नंबर! गोविंदानं खटका ओढेपर्यंत दोन बोटं... लॉरीत घालून कर्जतला नेलं. डॉक्टर म्हणाले, एक वाचलं तर वाचेल.

हात धुतले तरी धुतल्यासारखे वाटत नाहीत.

गुरु. १८
म.सा.: "वर्ग झाला, परीक्षा झाली. मग चूक बाईची. तसं लिहून द्या, काढून टाकतो."
दामूला विचारलं. "मला आयकू आलं, 'अवो, बंद करा!' म्हनलं माज्याच यंत्रावर झालं कायतरी."
'अवो'! आठवडाभर घसा फोडून नाव घ्या, नाव घ्या सांगितलं आणि ही 'अवो' म्हणते. असा राग आला की दीड पान सगुणाविरुद्ध खरडलं. अक्षरही धड नाही.

शुक्र. १९
सगुणाला बोलावलं. मान खाली घालून पदर आणखी पुढे ओढला. मी ओरडलो. ओरडायला नको होतं.
ती गेल्यावर दामू म्हणाला, "मास्तर, गोविंदा तिचा थोरला दीर हाय. त्येच्यासमोर ती पदर ढळू देत नाय. नाव कसं घेईल?"

कान गरम झाले. हे मला ठाऊक नव्हतं का? कुणाच्या घरात नाही हे? आणि परीक्षेत? परीक्षेत बाराही जणी 'मास्तर' म्हणून ओरडल्या. ते नाव आहे का? नाव घेता येतं की नाही हे मी तपासलंच नाही, आणि बाराही जणींना पास करून बसलो. सगुणाला पहिला नंबर दिला तो कशाबद्दल?

दीड पान फाडलं.

रवि. २१, भिसेगाव
घरी आलो. हिला सगळं सांगितलं. "शिकवायच्या आधी मला विचारायचं होतंत. अंगणातून मी 'अहो' म्हटलं की शेजारचेही ओ देतात, कधी लक्षात आलं नाही तुमच्या?" हसू आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी दवाखान्यात. भागीचं एक बोट गेलं, दुसरं राहील. मला बघून पहिलं विचारलं, "सगुणाबायला काडलं का वो?" नाही म्हणालो. "काडू नका. लय वरडली ती."

सोम. २२
नवा अहवाल लिहिला. चूक शिकवणाराची. यापुढे नाव नको, 'एक नंबर', 'दोन नंबर' असं ओरडायचं. परीक्षा घ्यायची ती चालू यंत्रावर, आणि खटक्यावर रोजचाच माणूस हवा.

म.सा.नी वाचून परत दिला. "मालक बुधवारी मुंबईहून येताहेत. हे त्यांनी वाचलं तर वर्ग बंद आणि तुम्हीही घरी. बाईवर ठेवलंत तर काही बिघडत नाही. मी दुसरा मसुदा टंकून देतो. दोन्ही जवळ ठेवा, सही एकावर करा."

मंगळ. २३
सकाळी फाटकाशी सगुणाला सांगितलं, तुझी चूक नाही असं लिहिलंय. वाटलं, सुटली म्हणेल.
"त्यो कागद देऊ नका, मास्तर."
"का गं?"
"गावात व्हईल. थोरल्यांच्या नावापायी भागीचं बोट गेलं म्हनतील. बुधवारपास्नं धड जेवले नायत ते. माजी चूक लिवा. मी झोडनीला जाईन."
"आणि उद्या तिथं दुसरी कुणाची सून उभी राहिली तर?"
फाटकाची कडी चाळवत म्हणाली, "तिला नंबर शिकवा की."
नंबर शिकवायचा तर का ते लिहावं लागतं, म्हटलं. ती शेताकडे निघून गेली.

दुपारी म.सा.नी सगुणाच्या जागी माणूस घेतलं. वर्ग नाही, परीक्षा नाही, 'घरचीच आहे, सांभाळून घेतील'. गोविंदाची बायको! एक नंबरवरच, उद्या सकाळी सातपासून.

तिला गाठून सांगितलं, काही झालं तर 'एक नंबर' म्हणून ओरडायचं. "व्हय मास्तर," म्हणाली. म्हटलं, आत्ता ओरडून दाखवा. गोविंदा भिंतीपलीकडे खटक्यापाशी तेल घालत होता. तिनं तिकडे पाहिलं, पदर तोंडाशी धरला आणि नुसतीच हसली.

दिवेलागण झाली. दोन्ही कागद पुढ्यात आहेत, सही अजून एकावरही नाही. मालक दहाला येतात, यंत्र सातला सुरू होतं.