मला आखूड झालेला कॅमेरा

प्रिय ताई,

परवा फोनवर तुला विचारलं, मोठ्या सेन्सरचा फुल-फ्रेम कॅमेरा घेऊ का, तर तू म्हणालीस, "घे की. मला काय विचारतेस? मला आता त्यातलं काय कळतंय!" आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवलास. वॉकर घेऊन स्वयंपाकघर गाठायला तुला किती वेळ लागतो ते मी पाहिलंय, त्यामुळे ते दूध काही मला पटलं नाही. म्हणून लिहितेय. पत्र अर्धवट टाकलंस तरी ते टेबलावर पडून राहतं.

निर्णय झालाय. पण तो कसा झाला ते सांगते, कारण आपण स्वतःलाच फसवत नाही ना, हे पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. आधी तो कॅमेरा भाड्याने आणला आणि आमच्या नाटकमंडळींच्या तालमीला नेला. तळघरातली खोली, दोन ट्यूबलाइट, त्यातली एक कायम रुसलेली, आणि फ्लॅश मारला की दिग्दर्शक अंगावर येतो. माझ्या कॅमेऱ्यात तिथले चेहरे वाळू उधळल्यासारखे येतात. यात ते चेहऱ्यांसारखे आले. भिंतीला पाठ चिकटवूनही जे दोघे नेहमी कडेला कापले जायचे, तेही आत मावले. मी खूश. मग गच्चीवर जाऊन लांब लेन्स लावली, तर आकाशातली घार पार चिलटाएवढी! आपल्या जुन्याचा सेन्सर लहान. तो कडा छाटून मधलंच तेवढं दाखवतो, म्हणून लांबची घार जवळ आल्यासारखी वाटते. तुझे मेहुणे म्हणाले, "म्हणजे पैसे मोजून घार लांब घालवायची. वा!" दुकानदाराला घारीचं सुखदुःख नव्हतं. तो म्हणाला, "जुना देऊन टाका मॅडम, किमतीत वजा करतो." तिथे मी अडले.

मला तुझी गच्ची आठवली. मी शाळेत होते, तुझा कॅमेरा पहिल्यांदा हातात आला होता आणि मी सारखी बटण दाबत होते. तू माझं बोट धरून बाजूला केलंस. "आधी बघ. बोट कुठे पळून जात नाही." आणि मागच्या महिन्यात तुझ्याकडे आले, तर तुझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून भिंतीसमोर ठेवलेली. "उजेड डोळ्यांवर येतो," म्हणालीस. ताई, त्या खिडकीत कधी ऊन येत नाही. समोरच्या पाण्याच्या टाकीवर घारींची जोडी काड्या जमवत होती. मी बघत होते, तू बघत नव्हतीस.

तर, नवा घेतला. जुना दुकानदाराला दिला नाही. तो लांब लेन्ससकट या पत्राबरोबरच्या खोक्यात आहे. कोरा आणला असता तर तू उलट टपाली परत पाठवला असतास. पण तुला आखूड झालेला प्रत्येक फ्रॉक मी निमूट घातला आहे (बरं, निळा सोडून), तेव्हा मला आखूड झालेला कॅमेरा तुला नाकारता येणार नाही. नवा घेण्याचं निम्मं कारण तालमी, निम्मं तू. कुठलं निम्मं मोठं, ते खूप तपासूनही ठरलं नाही आणि आता ठरवायचंही नाही. लेन्स जड आहे, हातात धरू नकोस; खिडकीच्या कठड्यावर उशी ठेव आणि तिच्यावर टेकव. बॅटरी भरलेली आहे. खुर्ची फिरवायला भावजींना तूच सांगायचंस, मी सांगितलेलं नाही. फोटो हलला तरी चालेल. टाकीवरची घार अंड्यांवर बसली का, तेवढं मला बघून कळव. माझ्या कॅमेऱ्यातून आता ती दिसत नाही.

तुझीच,
धाकटी