गोळ्या बरोबर भरल्या, म्हणून हे पत्र

ती. अक्का यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे यातला साष्टांगाचा भाग मनातल्या मनात घातला आहे, तो तसाच गोड मानून घ्यावा.) आम्ही दोघे इकडे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. साडूभाऊंची पाठ कशी आहे? खुर्चीत बसल्या बसल्या झोपू नका, असं त्यांना माझ्या वतीने सांगा. त्यांनी माझं आजवर ऐकलेलं नाही, तरी सांगा. तुमच्या नव्या डोळ्याने आता कसं दिसतं? हे पत्र वाचताना जुना डोळाच वापरलात तर बरं, कारण यातला काही मजकूर अंधुक दिसलेला माझ्या फायद्याचा आहे.

हिच्या आजाराची हकिगत मी तुम्हाला नव्याने काय सांगणार? बारा वर्षांपूर्वी तुमच्या या धाकट्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी तुम्हीच बसला होतात. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, केस आले (आले ते कुरळे आले, आणि माझ्यापेक्षा जास्त आले). पाच वर्षं उलटली तेव्हा मी भेटेल त्याला सांगत सुटलो की आता संपलं. तेव्हाच कुणीतरी मला गप्प करायला हवं होतं. कारण गेल्या वर्षी तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या संशोधक डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं की या जातीचा आजार कधीकधी दहा-पंधरा वर्षांनीही परत येतो. ऑपरेशनच्या आधीच त्यातल्या काही पेशी निसटून जातात, हाडांच्या आतल्या मज्जेत जाऊन दडतात आणि झोपतात. वर्षानुवर्षं झोपतात. मग एखाद्या दिवशी का जाग्या होतात ते अजून कुणाला धड कळलेलं नाही. त्या झोपेत असतानाच त्यांचा निकाल लावता येईल का, याचा या बाई अभ्यास करतात. हिच्या कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढली, तपासली, आणि त्यात अशा पेशी सापडल्या. किती, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, थोड्या. अक्का, वजनमापे निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं नोकरी केली, पण ‘थोडं’ हे माप मी एकाही दुकानदाराकडून ऐकून घेतलं नव्हतं. तिथे मात्र नंदीबैलासारखी मान हलवली.

घरी आल्यावर माझं डोकं फिरलं, हे कबूल करतो. झोपलेल्या पेशी म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. घड्याळाचे टोले बंद केले. चपला काढून घरात चवड्यांवर चालायला लागलो आणि बोलणं कुजबुजीवर आणलं. पुढच्या खोलीत हिचं शिवणयंत्र चालतं, त्याचा पट्टा आवाज करतो म्हणून तोही सैल करून ठेवला. त्यामुळे एका गिऱ्हाइकाच्या झग्याची शिवण सापासारखी नागमोडी आली. तेव्हा ही मला एवढंच म्हणाली, “अहो, त्या पेशी आहेत, तान्हं बाळ नाही.” आणि हसली. मला ते हसू ऐकून बरं वाटलं. ही घाबरलेली नाही, घाबरण्याचं काम घरात एकट्या माझ्याकडे आहे, अशी माझी समजूत त्या हसण्यावरून झाली. ही समजूत जपून ठेवा, पुढे लागेल.

आता अभ्यासाची पद्धत ऐका. यात जेवढ्या बायका आहेत त्यातल्या निम्म्यांना खरं औषध आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशीच, आत काही नसलेली गोळी. कुणाला कुठली, ते बाईंना माहीत नाही, सिस्टरला माहीत नाही, घेणारीलाही माहीत नाही. बाटलीवर फक्त आकडा. मी विचारलं की हे माहीत तरी कुणाला आहे? तर एका यंत्राला. असं केल्याशिवाय औषधाचा गुण खरा की मनाचा, हे कळत नाही, असं बाईंनी फार शांतपणे सांगितलं. मला ते पटलंसुद्धा. पण पटणं आणि पचणं यांत फरक आहे. ज्या माणसाने जन्मभर तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण शोधून काढलं, त्याच्या घरात रोज सकाळी एक गोळी येते आणि ती भरलेली आहे की पोकळ, हे त्याने विचारायचं नाही! हिने मात्र त्याच बैठकीत सही केली. मला नाही झाला उपयोग तर पुढच्या बायकांना होईल, असं म्हणाली. मी बाजूला बसून पेनाचं टोपण चावत होतो.

निवृत्तीच्या वेळी कचेरीतल्या लोकांनी मला पितळेचा छोटा काटा भेट दिला, तो तुम्ही पाहिला आहे. ही अंघोळीला गेली की मी बाटलीतल्या गोळ्या त्यावर घालू लागलो. सगळ्या सारख्या भरल्या, केसाचाही फरक नाही. पण सारख्या म्हणजे कशाशी सारख्या? एकाच बाटलीतल्या गोळ्या एकमेकींशी ताडून काय कळणार? दुसऱ्या एखाद्या बाईची गोळी मिळायला हवी होती. म्हणून पुढच्या खेपेला दवाखान्याच्या बैठकखोलीत, ही रक्त द्यायला आत गेली असताना, मी शेजारच्या बाईंना अगदी अदबीने विचारलं की तुमची एक गोळी जरा बघायला मिळेल का. त्यांनी पर्स छातीशी धरली आणि तीन खुर्च्या सोडून बसल्या. मी खुलासा करायला त्यांच्या मागे तीन खुर्च्या गेलो, ही चूक झाली. शेवटी सिस्टर आल्या (यांना मी मनात ‘जमादारीणबाई’ म्हणतो, कारण त्या बाटल्या ज्या नजरेने तपासतात ती नजर मी आमच्या खात्यातही पाहिली नाही) आणि मला पाणी देऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. हिला मी सांगितलं की तिथे वारा चांगला लागतो.

यापुढचं वाचण्यापूर्वी, अक्का, एक घोट पाणी प्या. वजनाने कळेना तेव्हा मी ठरवलं की गुणाने बघू. औषध खरं असेल तर तोंड येण्याची, थकवा येण्याची शक्यता आहे, असं त्या छापील कागदावर होतं. हिला काहीच होत नव्हतं. ही आपली दिवसभर यंत्रावर. मग मी म्हटलं, हिची प्रकृती पहिल्यापासून दणकट, हिच्यावर दिसणार नाही, आपल्यावर दिसेल. आणि मी हिच्या बाटलीतली एक गोळी रोज सकाळी खायला लागलो. (हो. लिहिलं ते बरोबर वाचलंत. दोन्ही डोळ्यांनी वाचलंत तरी तेच दिसेल.) बाटलीत चाळीस गोळ्या असतात, महिन्याला तीस लागतात, दहा उरतात, त्या परत करायच्या. त्या उरणाऱ्यांतल्याच आपण घेतोय, हिच्या वाट्याच्या नाहीत, असं मी मनाला समजावलं. असली समजूत घालणारे दुकानदार मी आयुष्यभर पकडले आहेत.

चौथ्या दिवशी माझं तोंड आलं! काय सांगू तुम्हाला, जिभेच्या कडेला असा फोड आला की पाणी प्यायलं तरी डोळ्यांत पाणी यावं. मी आनंदाने घरभर फिरलो. गोळी खरी आहे, हिला खरं औषध मिळतंय, आता त्या झोपलेल्यांची काही धडगत नाही. हिला सांगता येईना, म्हणून नुसता हसत राहिलो. आठव्या दिवशी बोलणं अशक्य झालं तेव्हा हिनेच मला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने आरशात दाखवलं की खालची दाढ तुटून तिचा कोपरा जिभेला घासतोय. दोन मिनिटं कानस चालवली आणि फोड तीन दिवसांत बरा. म्हणजे आठ गोळ्या खाऊन मला एवढंच कळलं की माझी दाढ तुटली आहे.

मग मात्र मला मोजणी आठवली. जमादारीणबाई महिनाअखेरीला उरलेल्या गोळ्या मोजतात. दहाच्या जागी दोन निघाल्या तर हिने औषध जास्त घेतलं असं ठरणार. आणि ज्या बाईवर भरवसा ठेवता येत नाही तिला अभ्यासातून काढतात, असं मी त्या कागदावर वाचलं होतं. समजा औषध खरं आहे, समजा तेच त्या पेशींना थोपवून धरतंय, आणि माझ्या आगाऊपणामुळे ते बंद झालं तर? तुम्हाला मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? घरी बाटली उघडून मोजायची माझी हिंमत झाली नाही. मोजणीच्या दिवशी बसमध्ये मी हिच्या शेजारी बसलो होतो आणि ही मला खिडकीतून नव्या इमारतीच्या गॅलऱ्यांचे पडदे दाखवत होती. मी ठरवलं होतं की सिस्टरनी बाटली उलटी केली की उभं राहायचं आणि गुन्हा कबूल करायचा. हात वर करायच्या तयारीत मी बसलो. त्यांनी पांढऱ्या तबकात गोळ्या ओतल्या, पट्टीने दोन-दोन सरकवत मोजल्या, आणि म्हणाल्या, “दहा. छान. तुमच्यासारखी नेमाची बाई नाही.”

हात अर्धा वर गेला होता, त्याने डोकं खाजवलं.

अक्का, तुमचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे. आठ मी खाल्ल्या. तरी दहा उरल्या. म्हणजे आठ गोळ्या तुमच्या बहिणीने घेतल्याच नाहीत. पाणी भरते, गोळी तळहातावर घेते, हे मी रोज दारातून पाहतो. मग आठ वेळा ती परत बाटलीत गेली कशी? आणि का? ही, जी पुढच्या बायकांसाठी सही करून आली? परवापासून माझ्या डोक्यात हेच चाललं आहे. हिला काही होतंय आणि ही लपवते आहे का? हिने आशा सोडली आहे का? मला विचारता येत नाही, कारण आठ चुकल्या हे तुम्हाला कसं कळलं, असं हिने उलट विचारलं की माझं बिंग फुटलं. चौतीस वर्षांत मी कुणाही दुकानदाराला एवढा घाबरलो नाही, जेवढा त्या दहा बरोबर निघालेल्या गोळ्यांना घाबरलो आहे.

असो. इकडची काळजी करू नये. साडूभाऊंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
मेहुणा

ता.क. : एवढं लांबण ज्यासाठी लावलं ते राहूनच गेलं. तुम्ही हिला फोन करून हळूच काढून घ्या की गोळ्या का चुकवल्या. ही तुमच्यापाशी काही लपवत नाही. माझं नाव मात्र येऊ देऊ नका. तुम्हाला स्वप्न पडलं असं सांगा.

ता.क. २ : वरचं सगळं परवाचं. पत्र मी पाकिटात घालून चिकटवायला हिच्याकडे दिलं. (आमच्या घरात पाकिटं हीच चिकटवते, मी चिकटवली की उघडतात. इतकी वर्षं सवयीने हातात दिलं.) हिने ते उभ्यानेच शेवटपर्यंत वाचलं. मी स्वयंपाकघरात लपलो होतो, तिथे आली. ओरडेल असं वाटलं होतं. खाली बसली आणि म्हणाली, “अहो, रोज सकाळी ती गोळी हातात घेतली की पहिली आठवण त्या आजाराचीच येते. बारा वर्षं झाली तरी. तुम्ही दारात उभे असता म्हणून घाबरायचीसुद्धा चोरी. काही सकाळी म्हटलं, आज नको, आणि तुम्ही वळलात की गोळी परत बाटलीत टाकली. त्या दिवशी मी नुसता चहा प्यायले, कधीच आजारी न पडलेल्या बाईसारखा.” मला वाटत होतं ही विसरली आहे, आणि हिला वाटत होतं की घाबरण्याचं काम मी करतोच आहे तर आपण कशाला दाखवायचं. मग आम्ही दोघे तिथेच बसून रडलो, मी जास्त.

ता.क. ३ : काल दोघे जाऊन सिस्टरना सगळं खरं सांगितलं. त्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. हिला अभ्यासात ठेवलं आहे. चुकलेल्या आठ दिवसांची नोंद झाली. बाई म्हणाल्या की अशा सकाळी बऱ्याच जणींच्या येतात, फक्त सांगत चला. माझं रक्त तपासायला घेतलं आणि मला तासभर ऐकवलं. गोळी खरी की पोकळ ते आता विचारणार नाही. ही ती घेते आहे. मी त्या वेळी दारात उभा राहत नाही.

ता.क. ४ : तेव्हा गोळ्यांबद्दल काही विचारू नका. फोन मात्र कराच, या रविवारीच करा. पण बारा वर्षं तुमचा प्रत्येक फोन ‘तब्येत कशी आहे गं’ने सुरू होतो आणि हिचा चेहरा तिथेच उतरतो, हे मी बाजूला बसून पाहिलं आहे, आजवर बोललो नव्हतो. या खेपेला तब्येतीचं नाव काढू नका. ही पुढच्या खोलीला पिवळे पडदे शिवणार म्हणते आहे. तुम्हाला पिवळा रंग मुळीच आवडत नाही. त्यावरून हिच्याशी कडाकडा भांडा, लहानपणी भांडत होतात तसं. कितीही वेळ चाललं तरी चालेल, मी मध्ये पडणार नाही.