सुईच्या वेळी

६ मार्च
मृणालला आज घरी सोडलं. बाळाला नाही. दिवस भरायच्या आधी झाली, वजन कमी, नर्सरीत काचेच्या पेटीत ठेवलीय. मृ. घरी दूध काढून देणार, मी बर्फाच्या पिशवीतून मेट्रोने पोचवणार. जावई प्रशांत बॉर्डरवर, रजेचा अर्ज वर गेलाय. फोनवर 'जय भीम बाबा' एवढंच नीट ऐकू आलं, पुढे खरखर.
सुनंदा असती तर हे सगळं तिनेच... डिसेंबरात गेली. अजून असली वाक्यं अर्धीच राहतात.

७ मार्च
मृ.ला म्हटलं, चल बाळाला बघायला. नको म्हणाली. का ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायचं काम सु.चं.
नर्सरीत साखर तपासायला टाचेतून रक्त घेतात. मी काचेबाहेर उभा. बाळ रडत होतं, आवाज बाहेर येत नव्हता. सगळा चेहरा मुठीसारखा आवळला होता. येताना माझं स्टेशन मागे राहिलं, कळलं नाही.

९ मार्च
आज सिस्टरने आत बोलावलं. केरळची आहे, लीना. हिंदी माझ्याहून चांगली. सुईच्या थोडं आधी बाळाच्या जिभेवर गोड पाण्याचे थेंब सोडले, मग टोचलं. पुष्कळ कमी रडली. औषध नाही म्हणे, फक्त गोडी.
मला लगेच आठवलं. मृ.ला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा सु.ने अमरावतीहून मध मागवून ठेवला होता, बाळाला चाटवायला. वरच्या फळीवर आहे. झाकणावर तिनेच फडकं बांधलंय.

१० मार्च
मधाची बाटली घेऊन गेलो. मृ.ला सांगितलं नाही. सिस्टरने हातातूनच काढून घेतली.
"अंकल, शहद बिल्कुल नहीं. एक साल की होने तक नहीं."
मधामुळे एवढ्या लहान बाळाला मोठा आजार होऊ शकतो म्हणाली. गोड पाणीसुद्धा तेच मोजून देणार, घरचं काही चालत नाही. आमच्याकडे सगळ्यांना चाटवलेला, मृ.लाही. सॉरी म्हटलं.
परत येताना बाटली मांडीवर. सु.ला सांगण्यासारखी गोष्ट होती. आधी घाबरली असती, मग वर्षभर मला चिडवलं असतं.

१२ मार्च
सिस्टरने विचारलं, माँ नहीं आ रही? मी म्हटलं, तबियत. तिने माझ्याकडे जरा बघितलं. आईने छातीशी धरून पाजताना टोचलं तर सगळ्यात कमी त्रास होतो म्हणाली. तोपर्यंत आप.
मी?
आधी अंगठी काढायला लावली. निघेना. लग्नापासून बोटात आहे. साबण लावून निघाली, बोटावर पांढरा वळ. हात गरम पाण्याने धुतले. एक तळहात डोक्यावर, दुसरा दुमडलेल्या पायांवर. पोटात असते तसं गोळा करून धरायचं. थोपटायचं नाही, हलवायचं नाही. नुसतं धरायचं.
डिसेंबरनंतर कुणाला हात लावला नव्हता.

१४ मार्च
आज छातीवर. शर्ट उघडा, बनियन काढून. घरीसुद्धा मी बनियनशिवाय फिरत नाही. पडद्याआड खुर्ची दिली. बाळ आत, वरून शर्ट, वरून चादर. कबुतराएवढं वजन.
सिस्टर म्हणाली, बात कीजिए उससे. काय बोलणार? वंदना सुरू केली. घरी सु. पुढे म्हणायची, मी आणि मृ. मागून. आज पुढे मी. ओळ म्हटली आणि सवयीने थांबलो, मागून कुणी म्हणेल म्हणून. त्या थांबण्यात सिस्टरने सुई टोचली. बाळ एकदा आखडलं, मग सैल झालं.
सिस्टर बाळाचं कपाळ बघते. कपाळाला आठ्या आणि डोळे घट्ट मिटलेले, तर दुखतंय. कपाळ सपाट, डोळे नुसते मिटलेले, तर बरं आहे.

१५ मार्च
मृ.ला जेवताना सांगितलं. बऱ्याच दिवसांनी हसली.
"बाबा, बनियन काढलात? आईला खरं वाटलं नसतं."
वंदनेचंही सांगितलं. म्हणाली, मधली ओळ तुम्ही नेहमी चुकता, तिला आता तशीच पाठ होणार. मग ताट उचलून आत गेली. दार लावलं.

१८ मार्च
आज मृ. आली. काचेपर्यंतच. बांगड्या, अंगठी, काही काढलं नाही. रिक्षात माझ्याकडे न बघता बोलली.
"पहिल्या दिवशी मी तिला बोट लावलं आणि तेव्हाच सुई दिली. माझा हात म्हणजे सुई, असंच होईल तिला. आईचं तेच झालं. सलाईन लावताना हात मी धरायचे. शेवटी शेवटी मी हात धरला की आई डोळे मिटून घ्यायची."
रिक्षावाल्याला डावीकडे घ्या म्हटलं.

१९ मार्च
सिस्टरला मृ.ची भीती सांगितली. ती म्हणाली, मग सुई नसतानाही येऊन धरायला सांगा, रोज. बाळ आता चोखायला लागलंय. उद्याचं रक्त आईने पाजताना घेता येईल, आई आली तर.
दिवसभर दुसरंच डोक्यात. सु. डोळे मिटायची, ते मीही बघितलंय. कपाळ सपाट असायचं. मला एकदा म्हणालीही होती, मृणाल आली की बरं, डोळे मिटून पडता येतं. मृ.ला हे कुणीच सांगितलेलं नाही. मी एकटाच होतो ऐकायला.

२० मार्च, सकाळी
चहा घेऊन तिच्या दाराशी गेलो. दार उघडायच्या आतच सांगून टाकलं, नाहीतर राहिलं असतं. सिस्टरचं सांगितलं. मग आईचं, ती म्हणाली त्याच शब्दांत. कप स्टुलावर ठेवून आलो.
मी तयार आहे. दुधाची पिशवी भरलेली नाही, मृ.ने अजून दूध काढलेलं नाही. निघायची वेळ होत आलीय.
आत्ता बाथरूममधून हाक आली. "बाबा, तुमची अंगठी कशी निघाली होती? माझी बोटं सुजलीत."
साबण, म्हटलं.
अजून नळ चालू आहे.