चाळीस तासांचा ऑक्सिजन

५ नोव्हेंबर

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

१४ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तुझे बाबा गेले ती वेळ डॉक्टरांनी माझ्यासमोर दाखल्यावर लिहिली. हॉस्पिटलच्या बिलात मात्र ते १६ तारखेच्या सकाळी आठपर्यंत ऑक्सिजन घेतच आहेत! बाकीचं बिल मी तेव्हाच पै न् पै चुकतं केलं; हे चाळीस तास भरणार नाही म्हणजे नाही. आज चौथी नोटीस आली. नाव तुझं, पत्ता इथला, म्हणून मीच फोडली. नेहमीसारखी लाल पेन्सिलीने चूक अधोरेखित केली, समासात ‘पुन्हा करून आणा’ लिहिलं आणि परत धाडली. चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण करणं हेही खोटं बोलणंच, असं कॉन्व्हेंटमध्ये आमच्या मदर सांगत. अडतीस वर्षं वह्या तपासल्या त्या काय उगीच?

तू केलेली कवळी झकास बसली आहे. आता दात-ओठ खायची सोय झाली. मालकीणबाईंचं कवळ्यांचं वर्कशॉप तुझ्या नावावर कधी होतंय? पाटी मी रंगवणार, आधीच सांगून ठेवते.

आशीर्वाद आहेतच, उत्तराचा कंटाळा नको.
आई

११ नोव्हेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

वर्कशॉप विकत घ्यायला मागितलेलं कर्ज बँकेने नाकारलं. तिथल्या माणसाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या नावापुढे ‘थकबाकीदार’. एकोणीस वर्षांत एक हप्ता चुकवला नाही, म्हणून विचारलं, कसली थकबाकी? तो म्हणाला, हॉस्पिटलच्या ऑक्सिजनची.

बाबांना दाखल करताना फॉर्मवर ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून सही माझी आहे, कारण तू चष्मा घरी विसरली होतीस. आई, चार नोटिसा परत पाठवल्यास आणि मला सांगतेस ती चौथीनंतर?

मालकीणबाई ३० तारखेपर्यंत थांबतील. मग जागा शेजारच्या गोदामवाल्याची. त्याला कवळ्यांशी काय देणंघेणं? कवळ्यांचं घासकाम करणाऱ्या दोघी रोज माझ्या तोंडाकडे बघतात.

भरून टाक गं. तुझंच बरोबर आहे, नेहमी असतंच. पण मी बुडतेय.

रागावलेली, तरी तुझीच
खारू

१५ नोव्हेंबर

चि. खारूस अनेक उत्तम आशीर्वाद.

भरले. रांगेत उभं राहून सगळे भरले. खिडकीतल्या मुलीने दिलेल्या पावतीवर छापलंय, ‘पुन्हा सेवेची संधी द्यावी’. सोबत जोडली आहे, बँकेतल्या त्या माणसाच्या नाकासमोर धर.

मी लाल पेन्सिल मिरवत बसले आणि शेरा पडला तुझ्या वहीत. ‘माफ कर’ असं मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही. तुला लिहिते आहे.

आई

२० नोव्हेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

पावती दाखवली. माणूस वाईट नाही, साहेबांनाही विचारून आला. पैसे भरले तरी नोंद पुसत नाहीत म्हणे. ‘उशिरा भरले’ अशी तीन वर्षं राहणार. पत मोजणारं जे कार्यालय आहे, त्यांनी काढली तरच निघेल. तिथे फोनवर यंत्र बोलतं, माणूस येतच नाही.

आज एका आजोबांची कवळी माझ्या हातून पडून फुटली. एकोणीस वर्षांत पहिली. तू आता काही करू नकोस. वेळेवर जेव, गोळ्या घे.

खारू

२१ नोव्हेंबर

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

‘काही करू नकोस’ हे मला सांगणारी तू दुसरी. पहिले तुझे बाबा. त्यांचंही कधी ऐकलं नाही. पत मोजणाऱ्यांना आज रजिस्टर पत्र टाकलं, मृत्यूच्या दाखल्याची नक्कल जोडून. आजोबांची कवळी नव्याने करायला घे, हात रिकामे ठेवू नकोस. माया आहेच, ती पत पाहून करत नाही. पत्राचा शेवट उतरवून देते:

‘कर्ज माणूस मागून घेतो. ते फेडतो की नाही यावरून त्याची पत खुशाल मोजा. आजारपण कुणी मागून घेत नाही. माझ्या नवऱ्याचा श्वास आम्ही हप्त्यांवर आणला नव्हता. नोटिसा मी परत केल्या, तेव्हा डाग लावायचाच तर माझ्या नावाला लावा. मला आता फक्त एक चष्मा घ्यायचा आहे, तो रोखीने घेईन.

चार वाजून दहा मिनिटांनंतर त्यांचा हात माझ्या हातात गार होत गेला. पुढचे चाळीस तास ते श्वास घेत होते असं तुमच्या नोंदीचं म्हणणं असेल, तर तसं लेखी कळवा, आणि कुठल्या खोलीत तेही कळवा. मला त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं आहे. घेत नसतील, तर माझ्या मुलीच्या नावापुढची नोंद पुसा. दोहोंपैकी एक उत्तर, सहीशिक्क्यासह, २८ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत.’